बहुमत आपलं, घड्याळ त्यांचं!

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी विभागासाठी लिहायचं म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घाच्या भीतीने पोटात गोळा येतो. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. विषयही असा की आमच्या शाळेत तो वीस मार्कांचा 'सिव्हिक्स' म्हणून पाठ केला आणि पेपर झाल्यावर विसरलो. पण मागच्या उन्हाळ्यात वसतिगृहात एक प्रकार घडला आणि तो विषय पुन्हा डोक्यात शिरला.

मुलींच्या वसतिगृहात कूलर एकच, आणि तो अभ्यासिकेत. जळगावचा मे महिना म्हणजे काय ते ज्याने काढला त्यालाच माहीत! रात्री अकरा वाजताही खोलीची भिंत तव्यासारखी गरम. आणि नेमकी तेव्हाच पी. एल. सुरू. आमची मागणी साधी होती : परीक्षा संपेपर्यंत अभ्यासिका रात्री दहाऐवजी एक वाजेपर्यंत उघडी ठेवा. रेक्टर मॅडम म्हणाल्या, "सर्वांची बैठक घ्या, बहुमताने ठरवा, माझी हरकत नाही."

रात्री नऊला बैठक बसली. हजर बावन्न जणी. आदल्या दिवशी आम्ही खोल्या-खोल्या फिरून अंदाज घेतला होता, किमान एकोणचाळीस मतं आमची. म्हणजे विषय संपलाच! एवढ्यात अंतिम वर्षाच्या एक ताई बोलायला उभ्या राहिल्या. कूलर कधी आला, टाकीत पाणी किती मावतं, लाईटचं बिल किती येतं, मागच्या बॅचने काय केलं, पोह्यांत कांदा का नसतो... ताई बोलत होत्या आणि आम्ही घड्याळ बघत होतो. कोणी मध्ये बोललं की "मला पूर्ण बोलू द्या." दहा वाजले, हजेरीची बेल झाली, मॅडम म्हणाल्या, "बाकीचं पुढच्या आठवड्यात." बैठक बरखास्त. मतदान झालंच नाही!

एकोणचाळीस विरुद्ध तेरा. तरीही तेरा जिंकल्या. कसं काय?

रात्रीच धुळ्याला नानांना, म्हणजे माझ्या आजोबांना, फोन लावला. नाना निवृत्त शिक्षक. पेपर पहिल्या ओळीपासून टेंडरच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. सगळं ऐकून पोटभर हसले आणि म्हणाले, "बेटा, तुमच्या ताईने अमेरिकेच्या सिनेटची विद्या वापरली. तिला फिलिबस्टर म्हणतात."

फिलिबस्टर म्हणजे काय?

शब्द मुळात समुद्री लुटारूंचा. डच भाषेतून स्पॅनिशमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला. चालत्या जहाजाचा ताबा घ्यावा तसा बोलत राहून सभागृहाचा ताबा घ्यायचा, असा त्याचा अर्थ झाला.

अमेरिकेच्या सिनेटमध्ये १०० सदस्य. विधेयक मंजूर करायला साधं बहुमत पुरतं, म्हणजे सगळे हजर असतील तर ५१. पण मतदान घेण्याआधी चर्चा संपवावी लागते, आणि खरी गोम तिथेच आहे. चर्चा बंद करण्यासाठी ६० मतं लागतात. म्हणजे विधेयकाला ५९ जणांचा पाठिंबा असला आणि ४१ जण अडून बसले, तर ५९ जणांच्या हातात काहीच राहत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर पास होण्याचे मार्क ५१, पण परीक्षेला बसू देण्याचे मार्क ६०!

गंमत म्हणजे हे कोणी ठरवून केलं नाही. १८०६ मध्ये सिनेटने आपलं नियमांचं पुस्तक आवरायला घेतलं आणि त्यात चर्चा थांबवण्याचा एक नियम जास्तीचा समजून काढून टाकला. त्याचा परिणाम पुढे हळूहळू कळला. १९१७ मध्ये चर्चा बंद करण्याचा नियम आला तेव्हा मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतांची अट होती. १९७५ मध्ये ती तीन पंचमांशावर, म्हणजे ६० वर आणली. १९५७ मध्ये स्ट्रॉम थरमंड नावाचे सिनेटर कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराच्या विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं बोलले. विधेयक तरीही मंजूर झालं, ती गोष्ट वेगळी. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला दक्षिणेकडच्या सिनेटरांनी कामकाजाचे सुमारे साठ दिवस रोखून धरलं. शेवटी १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा बंद झाली आणि कायदा झाला.

आता तर तासन्‌तास बोलावंही लागत नाही. आम्ही अडवणार एवढं कळवलं तरी ६० चा आकडा गोळा करावा लागतो. काही वाटा मात्र मोकळ्या केल्या आहेत. नेमणुकांसाठी २०१३ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी २०१७ मध्ये साधं बहुमत पुरेसं केलं. अर्थसंकल्पाशी निगडित ठराविक विधेयकंही ५१ मतांवर जाऊ शकतात.

मग आपल्याकडे?

मी नानांना विचारलं, "आपल्या विधानसभेत असं कोणी रात्रभर बोललं तर?"

"बोलूच देणार नाहीत," नाना म्हणाले. "राज्यघटना काढ. कलम १८९."

काढलं. राज्याच्या विधिमंडळातले प्रश्न हजर राहून मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने ठरतात, असं त्यात लिहिलं आहे. संसदेसाठी हेच कलम १०० मध्ये आहे. 'हजर राहून मतदान करणाऱ्या' हे शब्द महत्त्वाचे. महाराष्ट्र विधानसभेत २८८ जागा, म्हणून आपण १४५ हा आकडा ऐकतो. पण एखाद्या दिवशी २०० च आमदारांनी मतदान केलं, तर १०१ मतांत विधेयक मंजूर. आणि गणपूर्ती, म्हणजे सभागृह चालवायला लागणारी किमान हजेरी, एक दशांश, म्हणजे २९. आपल्याला टर्मला बसायला ७५ टक्के हजेरी लागते आणि राज्याचा कायदा करायला १० टक्के! असो.

चर्चेला किती वेळ द्यायचा ते कामकाज सल्लागार समिती आधी ठरवते. कोणी फार लांबवलं तर अध्यक्ष बेल वाजवतात, मग माईक बंद. चर्चा पुरे करा असा प्रस्तावही मांडता येतो आणि तोही साध्या बहुमताने मंजूर होतो. म्हणजे अमेरिकेत चर्चा बंद करायला जास्त मतं लागतात, आपल्याकडे तेवढीच लागतात. घटनादुरुस्तीसारखे दोन तृतीयांशाचे मोजके अपवाद सोडले तर ज्याचं बहुमत, त्याचंच घड्याळ.

मला वाटलं, वा, आपली पद्धत किती सोपी! मग आपल्याकडे विधेयकं अडकतच नसतील?

नाना म्हणाले, "जादूटोण्याचा कायदा आठवतो का?"

आठ वर्षांचं विधेयक

सातपुड्याच्या पायथ्याशी एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या बातम्या आपण खान्देशातले लोक लहानपणापासून वाचत आलो. एखादं मूल आजारी पडलं, बैल मेला, की नाव एखाद्या एकट्या बाईचं. अशा प्रकारांना आळा घालणारा कायदा हवा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समिती वर्षानुवर्षं मागे लागले होते.

डिसेंबर २००५ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात विधानसभेने हे विधेयक मंजूर केलं. पण महाराष्ट्रात सभागृहं दोन आहेत. देशात सहाच राज्यांत विधान परिषद आहे, त्यात आपण एक. ७८ सदस्यांच्या परिषदेतून विधेयक काही पुढे सरकलं नाही. २००९ मध्ये विधानसभेची मुदत संपली आणि विधेयक बारगळलं, कारण घटनेच्या कलम १९६ नुसार विधानसभेने मंजूर केलेलं पण परिषदेत पडून असलेलं विधेयक विधानसभेबरोबरच संपतं. म्हणजे टर्म-वर्क जमा केलं, सही राहिली, आणि सेमिस्टर संपलं. पुन्हा पहिल्यापासून!

आता इथे नानांनी मला कलम १९७ वाचायला लावलं, आणि मी चाटच पडले. परिषदेला विधेयक कायमचं अडवताच येत नाही. परिषदेने विधेयक फेटाळलं किंवा तीन महिने तसंच ठेवलं, तर विधानसभा ते पुन्हा मंजूर करू शकते. दुसऱ्या वेळी परिषदेच्या हातात फक्त एक महिना. त्यानंतर परिषद हो म्हणो की नाही, विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं असं धरलं जातं. अर्थविषयक विधेयक असेल तर परिषदेला चौदाच दिवस. म्हणजे २००५ चं विधेयक नियमाने पाहिलं तर वर्षभरात कायदा होऊ शकलं असतं. राज्यात १९९९ पासून २०१४ पर्यंत एकाच आघाडीचं सरकार होतं, म्हणजे मतंही होती. दुसरी फेरी घेतलीच गेली नाही.

का नाही? विरोध मोठा होता. देवाधर्माच्या गोष्टींवर गदा येईल, वारकऱ्यांनाही त्रास होईल, अशी भीती अनेकांना वाटत होती. मतदार दुखावतील ही धास्ती राजकारण्यांना होती. म्हणजे कोणी चोवीस तास भाषण केलं नाही, पण विधेयक आठ वर्षं थांबलं. अमेरिकेत अडवणारा निदान उभा राहून दिसायचा तरी. इथे अडवणारा दिसतच नाही.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. जो कायदा आठ वर्षं होत नव्हता, त्याचा वटहुकूम त्याच महिन्यात निघाला. डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा मंजूर केला. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड अशी त्यात शिक्षा आहे. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन हे सगळं कायद्याबाहेर आहे असंही त्यात स्पष्ट लिहिलं. म्हणजे ज्यांना शंका होत्या त्यांचं ऐकून कायदा नेमका करता येत होता. पण त्यासाठी आठ वर्षं आणि एका माणसाचा जीव लागायला नको होता, एवढं मात्र मला नक्की वाटतं.

बोलता येत नाही तर ओरडा

दुसरी गोष्ट आपल्या जास्त जवळची.

समजा तुम्ही विरोधी पक्षात आहात. तुम्हाला माहीत आहे की मतदानात तुम्ही हरणार. जास्त वेळ बोलूनही उपयोग नाही, कारण घड्याळ तुमचं नाही. मग उरतं काय? अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरा, घोषणा द्या, कागद फाडा, कामकाज तहकूब पाडा. हे आपलं देशी फिलिबस्टर. यावर सत्ताधाऱ्यांकडेही दोन उपाय. एक, गोंधळातच 'होय'चा आवाज मोठा आला असं म्हणून आवाजी मतदानाने विधेयक मंजूर करायचं. दोन, गोंधळ घालणाऱ्यांना निलंबित करायचं.

मार्च २०१७ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी अर्थसंकल्पाच्या वेळी गोंधळ झाला, तेव्हा काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या १९ आमदारांना डिसेंबरअखेरपर्यंत निलंबित केलं. ते निलंबन पुढे टप्प्याटप्प्याने मागे घेतलं. मग पारडं फिरलं. ५ जुलै २०२१ ला ओबीसी आरक्षणाच्या ठरावावरून गोंधळ झाला आणि तालिका अध्यक्षांशी गैरवर्तन केल्याचा ठपका ठेवून भाजपच्या १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केलं. त्यांनी आरोप नाकारले. त्या बारांत जळगाव जिल्ह्यातल्या जामनेरचे गिरीश महाजन होते आणि धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याचे जयकुमार रावल होते.

मला तो दिवस आठवतो. तेव्हा मी शाळेत होते. नाना पेपर वाचत होते, आजी आतून अहिराणीत विचारत होती, "काय व्हयनं?" नाना म्हणाले, "आपला पण एक गेला, जळगावचा पण एक." मला वाटलं कोणी वारलं की काय!

आता यात गणित कुठे आलं? अभियांत्रिकीच्या पोरांना लगेच कळेल. अंश तोच, छेद बदलला. २८८ मधून १२ गेले, उरले २७६. बहुमताचा आकडा १४५ वरून १३९ वर आला. एकही नवा आमदार न आणता सरकारचं बहुमत भक्कम! २०१७ च्या १९ जणांचं गणित करा : २६९ उरतात, बहुमत १३५. सरकारं काठावर असतात तेव्हा हे सहा आणि दहा आकडे फार मोठे असतात.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ जानेवारी २०२२ ला न्यायालयाने एक वर्षाचं निलंबन घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. त्यातला विचार मला फार पटला. जुलैचं ते अधिवेशन दोन दिवसांचं होतं. शिस्तीसाठी काढायचं तर त्या अधिवेशनापुरतं काढा, पुढचं वर्ष कशासाठी? शिवाय आमदाराला कायमचं काढून टाकलं तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. निलंबनात जागा रिकामीही होत नाही आणि तिथून कोणी बोलतही नाही. म्हणजे शिक्षा आमदाराला नाही, मतदारसंघाला. जामनेर आणि शिंदखेड्याच्या लोकांनी काय केलं होतं? काठावरचं सरकार अशा निलंबनाने आकडे फिरवू शकेल, हा धोकाही न्यायालयाने दाखवला.

इथे मी कोणत्याच पक्षाची बाजू घेत नाही. २०१७ ला ज्यांनी काढलं, २०२१ ला त्यांचेच निघाले. पक्ष बदलले तरी हत्यार तेच राहिलं.

मग चांगलं काय?

थोडक्यात काय, अमेरिकेत थोड्यांच्या हातात ब्रेक आहे, आणि त्या ब्रेकने नागरी हक्कांची गाडीही कितीतरी वर्षं थांबवली. आपल्याकडे ब्रेक नाही. मग बहुमताची गाडी सुसाट जाते, किंवा चालकाचीच हिंमत होत नाही म्हणून गॅरेजमध्ये पडून राहते. दोन्हीकडे बळी जातो तो चर्चेचा. मला विचाराल तर शेवटचा निर्णय साध्या बहुमतानेच व्हावा. पण त्याआधी विरोधकाला त्याच्या हक्काचा वेळ मिळायला हवा, जो सत्ताधाऱ्याला काढून घेता येणार नाही आणि विरोधकाला ताणता येणार नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. पुढच्या आठवड्यात आमची दुसरी बैठक झाली. त्याआधी काही मैत्रिणी म्हणत होत्या, "ताईंना बोलूच द्यायचं नाही, सरळ हात वर करून मोकळं व्हायचं." मी त्यांना बारा आमदारांची गोष्ट सांगितली. शेवटी सगळ्यांनी मिळून तीन नियम केले. प्रत्येकीला पाच मिनिटं. विरोध करणाऱ्या आधी बोलणार. साडेनऊला मतदान, काहीही झालं तरी.

ताई उभ्या राहिल्या. या वेळी पोहे नाहीत की लाईटबिल नाही. पाच मिनिटांत त्यांनी एकच गोष्ट सांगितली, "अभ्यासिका एकपर्यंत उघडी ठेवली तर कुलूप लावायला मावशींना थांबावं लागेल. त्यांच्या गावाकडे जाणारी शेवटची रिक्षा साडेदहाला सुटते. त्यांच्या घरी लहान नातू आहे. तुम्ही कोणी त्यांना विचारलं का?"

बैठकीत एकदम शांतता. खरंच, बावन्न जणींपैकी कोणीच विचारलं नव्हतं. एकोणचाळीस मतं मोजताना मावशी आमच्या हिशेबात नव्हत्याच, कारण त्यांना मत नव्हतं.

मी विचारलं, "ताई, मग हे त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"सांगणार होते," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही सगळ्या घड्याळाकडे बघत होतात. मला वाटलं, मतदान झालं की कोणी ऐकणार नाही. म्हणून मतदानच होऊ दिलं नाही."

मग प्रस्ताव बदलला. अभ्यासिका बारापर्यंत, फक्त पी. एल. पुरती. किल्ली रेक्टर मॅडमकडून रोज दोन मुलींनी सही करून घ्यायची, कुलूपही त्यांनीच लावायचं. मावशी नेहमीच्या वेळेला घरी. मतदान झालं : बाजूने सेहेचाळीस, विरोधात चार, दोघी तटस्थ. पहिल्या दिवशी आम्ही जिंकलो असतो तर एकोणचाळीसने जिंकलो असतो, आणि मावशी रोज रात्री एक वाजता अंधारात रिक्षा शोधत बसल्या असत्या.

नानांना निकाल कळवला. म्हणाले, "आता हा नियम लिहून ठेवा. पुढच्या वर्षी ताई नसतील, तुम्हीच ताई असाल." लिहून ठेवला आहे, सूचना फलकाच्या काचेच्या आत.

तर वाचकहो, माझं म्हणणं एवढंच. पटलं नसेल तर अभ्यासिकेत या आणि जरूर बोला. मी ऐकेन. पण पाच मिनिटांत बरं का!

(तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)